दिवसाला ७५ एमएमबीटीयू: हिंगणा एमआयडीसीतल्या एका गॅस कराराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीतला हा कारखाना ट्रॅक्टर आणि ट्रकचे फोर्ज केलेले सुटे भाग बनवतो. दोन फोर्जिंग भट्ट्या आणि हार्डनिंग-टेम्परिंगची एक सलग लाइन. इंधन म्हणून बल्क एलपीजी, त्यासाठी आवारात बुलेट टाकी, आणि कामाच्या दिवसाला सरासरी १,५०० किलोचा खप. आठवड्यातून एक दिवस कारखाना बंद. ओळख कळू नये म्हणून पुढचे आकडे गोल केले आहेत. त्यांची आपसातली प्रमाणं मात्र तशीच ठेवली आहेत.

मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅसवाहिनीचं काम समृद्धी महामार्गाच्या कडेने चाललं होतं. नैसर्गिक गॅस आज ना उद्या येणार हे मालकांना दिसत होतं, पण वाहिनीचा गॅस स्वतःच्या गेटापर्यंत पोचेस्तोवर थांबायची त्यांची तयारी नव्हती. तेवढ्यात एका पुरवठादाराचा प्रस्ताव आला: एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक गॅस, टँकरने आणू, टाकी आणि व्हेपोरायझर (द्रवाचा पुन्हा वायू करणारं यंत्र) तुमच्या आवारात आमच्या खर्चाने बसवू, तुम्ही फक्त गॅसचे पैसे द्या. उणे १६२ अंशांवर द्रवरूप झालेला हा गॅस मूळ आकारमानाच्या सुमारे सहाशेव्या भागात मावतो, म्हणून तर तो रस्त्याने आणणं परवडतं. एका टनात साधारण ५२ एमएमबीटीयू धरतात; एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, गॅसमधली उष्णता मोजायचं एकक. १७ टनांचा एक टँकर म्हणजे या कारखान्याचं बारा दिवसांचं काम.

किमतीचं सूत्र असं होतं: ब्रेंट कच्च्या तेलाच्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीचे १२.५ टक्के, अधिक ३ डॉलर स्थिर. हा १२.५ टक्क्यांचा आकडा म्हणजे या धंद्यातला 'स्लोप'. स्थिर भागात वाहतूक, टाकीचं भाडं आणि पुरवठादाराचा नफा आला. ब्रेंट पिंपाला ८० डॉलर असताना भाव १३ डॉलर प्रति एमएमबीटीयू, आणि ८३ रुपयांच्या डॉलरने १,०७९ रुपये. रोजचं करार प्रमाण, म्हणजे डीसीक्यू, ७५ एमएमबीटीयू. किमान उचल, म्हणजे एमजीओ, त्याच्या ९० टक्के. बिल दर पंधरवड्याला. मुदत ३ वर्षं.

कागदावरचं गणित

खरेदी विभागाने एका पानात तुलना केली. १,५०० किलो एलपीजी गुणिले ११,००० किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला १ कोटी ६५ लाख किलोकॅलरी. एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. भागाकार केला की ६५.५ एमएमबीटीयू. त्याला १,०७९ ने गुणलं की रोजचे ७०,७०० रुपये. एलपीजी ६० रुपये किलो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे रोजचे १,०६,२०० रुपये. बचत रोज साडेपस्तीस हजार. पंधरवड्यात कामाचे १३ दिवस धरले तर ४ लाख ६२ हजार. सही व्हायला वेळ लागला नाही.

या पानात तीन चुका होत्या. तिन्ही शब्दांच्या होत्या. गुणाकार-भागाकार बिनचूक होता.

सहीआधी एक गोष्ट मात्र लेखापालांनी वेळेवर पकडली, ती नोंदवायला हवी. मसुद्यात गॅसची मालकी दुसऱ्या राज्यातल्या टर्मिनलच्या लोडिंग फ्लँजवर (टँकर भरायच्या पाइपच्या जोडावर) बदलणार, असं लिहिलं होतं. तसं राहिलं असतं तर ती आंतरराज्य विक्री झाली असती. नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे. २०२१ च्या वित्त कायद्यानंतर, गॅस इंधन म्हणून जाळून दुसरा माल बनवणाऱ्या कारखान्याला सी-फॉर्मवर सवलतीचा केंद्रीय विक्रीकर मिळत नाही. विकणाऱ्या राज्याचा पूर्ण दर भरावा लागतो. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक गॅसवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणलेला आहे. लेखापालांनी 'डिलिव्हरी पॉइंट' कारखान्यातल्या मीटरच्या आउटलेट फ्लँजवर आणवला आणि ३ टक्क्यांवर भागलं. एका ओळीचा बदल होता.

अडचण

पहिल्या तीन महिन्यांची सहा बिलं आली आणि बचत गायब. भट्ट्या नीट चालत होत्या. बर्नरचे जेट बदलले होते. आकारमानाने हिशेब केला तर एलपीजीच्या वायूपेक्षा या गॅसमध्ये निम्म्याहून कमी उष्णता असते, म्हणून जेट आणि गॅस ट्रेन (बर्नरआधीची पाइप-झडपांची मांडणी) मोठी लागते. गळती-शोधक जमिनीलगतचे काढून छताखाली लावले होते, कारण एलपीजी खाली बसतो आणि हा वर जातो. तांत्रिक बाजूने कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही पंधरवड्याचा प्रत्यक्ष फायदा ४७ हजारांच्या आसपास निघत होता. कागदावरच्या रकमेचा दहावा हिस्सा.

व्यवस्थापकांनी सगळ्यात आधी पुरवठादाराला पत्र लिहिलं की मीटर जास्त दाखवतोय. ही घाई झाली. मीटरमध्ये चूक होती, पण पैसे तिथे गेलेच नव्हते. ते कसं, ते पुढे येईल.

कारखान्याने मग बिल एकेका शब्दाने उलगडलं.

पहिला शब्द जीसीव्ही. एलपीजीसाठी धरलेले ११,००० किलोकॅलरी हे निव्वळ उष्मांकाचे, म्हणजे एनसीव्हीचे होते. करारातली किंमत स्थूल उष्मांकावर, जीसीव्हीवर होती. इंधनातला हायड्रोजन जळला की पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड होऊन पाणी झाली तर जी उष्णता सुटेल ती जीसीव्हीत धरतात, एनसीव्हीत धरत नाहीत. फोर्जिंग भट्टीच्या धुराड्यातून वायू ५०० अंशांच्या वर बाहेर पडतात. तिथे वाफेचं पाणी कुठून होणार? भट्टीच्या कामाला येते ती एनसीव्ही, आणि बिल लागतं जीसीव्हीवर. नैसर्गिक गॅसमध्ये हायड्रोजनचा वाटा मोठा, म्हणून दोहोंत दहा-अकरा टक्क्यांचं अंतर पडतं. या गॅसची जीसीव्ही प्रति एससीएम, म्हणजे प्रमाणित घनमीटरला, ९,४०० किलोकॅलरी आणि एनसीव्ही सुमारे ८,५०० होती. तेव्हा रोजची गरज १,९४१ एससीएम, आणि बिलातले एमएमबीटीयू ६५.५ नव्हे तर ७२.४. पंधरवड्याला ९७ हजारांचा फरक.

विक्रीला आलेल्या प्रतिनिधीने यात काही लपवलं नव्हतं. कोटेशनच्या तळाशी 'जीसीव्ही आधारावर' असं छापलेलं होतं. भारतात सरकारने ठरवलेले देशी गॅसचे दरही २०१४ पासून जीसीव्हीवरच जाहीर होतात. धंद्यातल्या माणसाला ते वेगळं सांगावंसं वाटत नाही, आणि एलपीजी किलोवर घेणाऱ्याला ते विचारायचं सुचत नाही.

दुसरा शब्द कर. एलपीजीवरचा १८ टक्के जीएसटी कारखान्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळत होता, म्हणजे तो खर्च नव्हताच. तुलनेत तो धरला, आणि गॅसवरचा ३ टक्के व्हॅट, ज्याचं क्रेडिट कुठेच मिळत नाही, तो मात्र सोडून दिला. पहिली चूक पंधरवड्याला २ लाख १० हजारांची, दुसरी ३० हजारांची. सगळ्यात मोठी रक्कम गेली ती इथे, आणि यात गॅसचा काहीच दोष नव्हता.

हे दुरुस्त केल्यावर खरी अपेक्षित बचत उरते पंधरवड्याला १ लाख २४ हजार. वाईट नाही. पण हातात ४७ हजारच येत होते.

तिसरा शब्द होता 'दैनिक', आणि खरं प्रकरण तिथेच होतं. डीसीक्यू ७५ ठरवताना कामाच्या दिवसाचा खप पाहून वर थोडी जागा ठेवली होती. करारातला दिवस मात्र कॅलेंडरचा होता, सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ असा गॅस-दिवस, सुट्टीसकट. पंधरवड्याची किमान उचल ७५ च्या ९० टक्के, म्हणजे ६७.५, गुणिले १५ दिवस: १,०१२.५ एमएमबीटीयू. प्रत्यक्ष खप १३ दिवस गुणिले ७२.४: ९४१. बाकीचे पैसे न जाळलेल्या गॅसचे. यालाच टेक-ऑर-पे म्हणतात: गॅस घ्या, नाहीतर पैसे द्या. मोठ्या करारांत असे पैसे भरले की 'मेक-अप गॅस'चा हक्क मिळतो. आज भरलेल्या पैशांचा गॅस पुढे, किमान उचल पूर्ण केल्यावर, फक्त किमतीतला फरक देऊन उचलता येतो. या करारात ते कलमच नव्हतं. गेलेला पैसा गेला.

मीटरची गोष्ट

तरीही मीटरची तपासणी झाली. ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

रोटरी मीटर फक्त आकारमान मोजतो. त्यावरचा करेक्टर दाब आणि तापमान पाहून त्याचे प्रमाणित घनमीटर करतो: १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार निरपेक्ष दाब. नागपुरात मे महिन्यात गॅस ४२ अंशांवर मीटरमधून गेला तर नुसत्या तापमानाने आकडा साडेआठ टक्क्यांनी खाली आणावा लागतो. त्यामुळे करेक्टरशिवायचा मीटर इथे चालतच नाही. तापमानाचा सेन्सर बरोबर होता. दाबाचा ट्रान्समीटर मात्र गेज प्रकारचा निघाला. तो फक्त वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. त्यात वातावरणाचा दाब किती मिळवायचा, तो आकडा करेक्टरमध्ये हाताने भरलेला असतो.

रात्रपाळीच्या युटिलिटी ऑपरेटरने बटणं दाबत तो आकडा पडद्यावर आणला: १.०१३. बॉयलरवर वीस वर्षं काढलेला माणूस. "हा आकडा आपल्या गावचा नाही जी, समुद्राकाठचा आहे," तो म्हणाला. बरोबर होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. इथे वातावरणाचा दाब सरासरी ०.९७७ बार. मीटरवर २ बार गेज दाब असताना करेक्टर ३.०१३ धरत होता आणि प्रत्यक्षात होता २.९७७. मीटर १.२ टक्के जास्त दाखवत होता.

आणि तरी या चुकीने कारखान्याचं जवळपास काहीच गेलं नव्हतं. मीटरने ९४१ ऐवजी ९५३ दाखवले की किमान उचलीतली तूट तेवढी कमी व्हायची. पंधरवड्याचे पैसे दोन्ही हिशेबांत १,०१२.५ चेच. पुरवठादार तुटीवर व्हॅट लावत नव्हता, म्हणून मीटरच्या चुकीचा भुर्दंड फक्त १२ एमएमबीटीयूवरच्या ३ टक्के व्हॅटचा, पंधरवड्याला चारशेच्या आत. एमजीओ दुरुस्त झाला असता आणि मीटर तसाच राहिला असता, तर तीच चूक पंधरवड्याला बारा-तेरा हजारांना पडली असती. म्हणून दोन्ही एकदमच सोडवणं भाग होतं.

विचारात घेतलेले पर्याय

करार मोडून एलपीजीवर परतायचं, हा पहिला विचार. बुलेट टाकी अजून जागेवर होती, परवाने चालू होते. पण मुदतीआधी बाहेर पडायचं तर उरलेल्या काळाच्या किमान उचलीचे पैसे भरायचे होते. तीन वर्षांतले तीनच महिने झाले होते. हा पर्याय एका बैठकीतच संपला.

दुसरा पर्याय खप वाढवायचा. एक टेम्परिंग भट्टी विजेवर होती, ती गॅसवर आणली तर तूट भरून निघाली असती. वरवर शहाणपणाचं वाटणारं हे पाऊल प्रत्यक्षात घातक होतं. पुढे ऑर्डर कमी झाल्या की किमान उचलीचं ओझं तेवढंच आणि तिला भरायला काम कमी. एका पाळीप्रमुखाने सुट्टीच्या दिवशी भट्ट्या मंद आचेवर चालू ठेवायचं सुचवलं. रिफ्रॅक्टरीला (भट्टीच्या आतल्या उष्णतारोधक अस्तराला) ते थोडं बरं असतं हे खरं, पण माल न करता गॅस जाळणं म्हणजे ते पैसे धुराड्यातूनच घालवणं.

तिसरा पर्याय डीसीक्यू कमी करायचा. १५ दिवसांची सरासरी ६२.७ येते, तेव्हा ६३ करून घ्या, असं सल्लागार म्हणाले. इथे प्रकरण दुसऱ्यांदा चुकीच्या वळणावर जाणार होतं. करारात दैनिक उचल डीसीक्यूच्या ११० टक्क्यांपर्यंतच साध्या भावाने होती. त्यावरचा गॅस 'ओव्हरड्रॉवल', पुरवठादाराच्या चालू बाजारभावाने. ६३ चे ११० टक्के म्हणजे ६९.३, आणि कामाच्या दिवशी लागणार ७२.४. तूट संपली असती आणि प्रत्येक कामाच्या दिवशी ३ एमएमबीटीयूचा जादा दर सुरू झाला असता. बाजार स्वस्त असेल तर हे दुखत नाही. २०२२ सारखं वर्ष आलं, जेव्हा युक्रेन युद्धानंतर एलएनजीचे तात्कालिक भाव आभाळाला भिडले होते, तर तेवढाच भाग बिल उलटंपालटं करतो.

चौथा पर्याय लवादाचा. वकिलांनी करार वाचला आणि सांगितलं की लिहिलेलं स्पष्ट आहे.

उरला तो वाटाघाटीचा मार्ग. त्यासाठी पुरवठादाराची अडचण समजून घेणं गरजेचं होतं. त्याच्या डोक्यावर त्याच्या आयातदाराचं टेक-ऑर-पे असतं. पंधरवड्याची उचल त्याला फारशी महत्त्वाची नसते, वर्षाची असते. शिवाय टाकी आणि व्हेपोरायझरचा खर्च त्याने आधीच केलेला, त्याला तो वसूल व्हायला मुदत लांब हवी. कारखान्याला सुट्टीची सूट हवी होती, त्याला वर्षं हवी होती.

केलेली कारवाई

दोन बैठका झाल्या. पहिली फुकट गेली, कारण कारखान्याने मीटरच्या पत्रापासून सुरुवात केली आणि समोरची माणसं बचावात गेली. दुसऱ्या बैठकीला एकच तक्ता नेला: मागच्या बारा महिन्यांचा रोजचा खप, सुट्ट्या, दिवाळीचा बंद आणि वार्षिक देखभालीचा बंद वेगळ्या रंगात. त्या तक्त्यावरून बोलणं सोपं झालं.

दुरुस्ती करारात ठरलं ते असं. डीसीक्यू कामाच्या दिवशी ७२, आणि आधी कळवलेल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शून्य. दैनिक कमाल मर्यादा, एमडीक्यू, वेगळी लिहिली: ८०. तिच्या आत कुठलाही जादा दर नाही. किमान उचल ८५ टक्के, आणि तिचा हिशेब पंधरवड्याऐवजी तिमाहीचा. तिमाहीत ७८ कामाचे दिवस धरले तर किमान ४,७७४ एमएमबीटीयू होतात, आणि नेहमीचा खप ५,६४७. मध्ये बारा दिवसांच्या बंदाला पुरेल एवढी जागा राहते. तीस दिवस आधी कळवलं तर वर्षातून एकदा सात दिवसांचा देखभाल-बंद हिशेबातून वगळायचा. तूट पडलीच तर मेक-अप गॅस पुढच्या चार तिमाहींत.

बदल्यात मुदत ३ ची ५ वर्षं झाली आणि बँक गॅरंटी ३० दिवसांच्या बिलावरून ४५ दिवसांवर गेली. गॅरंटीचं कमिशन आणि अडकलेलं मार्जिन हा खर्च आहे, तो बचतीच्या तक्त्यात लिहायला हवा. कारखान्याने तो लिहिला.

मीटरबाबत करारात ±२ टक्क्यांची मुभा होती. त्याच्या आतल्या चुकीला मागची भरपाई नाही. कारखान्याने ती मागितलीही नाही. दोन्ही बाजूंच्या समक्ष करेक्टरचा स्थिरांक ०.९७७ केला, सील लावलं, आणि पुढच्या कॅलिब्रेशनला निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर बसवायचं ठरलं.

निष्पत्ती

पुढच्या दोन तिमाहींत तुटीचं एकही बिल आलं नाही. ब्रेंट ८० च्या आसपास असताना पंधरवड्याची बचत १ लाख २० हजारांच्या जवळ राहिली. एलपीजीच्या तुलनेत साडेदहा टक्के. मालकांना कागदावरचे ४ लाख ६२ हजार आठवतात आणि ते अजून नाराज आहेत.

खरेदी विभागाने आता दर महिन्याला एकच समतोल बिंदू काढायला सुरुवात केली आहे. एलपीजी ६० रुपये असेल तर गॅस व्हॅटआधी १,२०७ रुपयांपर्यंत परवडतो, म्हणजे ८३ रुपयांच्या डॉलरने १४.५४ डॉलर, म्हणजे ब्रेंट ९२. त्यावर गेला तर बुलेट टाकी कामाला येऊ शकते, तिमाहीच्या त्या बारा दिवसांच्या जागेपुरती. इथे एक बारकावा आहे. एलपीजीचा भाव सौदी अरामकोच्या मासिक कॉन्ट्रॅक्ट प्राइसबरोबर लगेच हलतो, आणि करारातला गॅस तीन महिन्यांच्या सरासरीने, मागून चालत येतो. तेल चढत असताना गॅस स्वस्त वाटतो, उतरत असताना महाग. एका महिन्याचं बिल पाहून निर्णय घेतला तर तो बहुतेक उलटा पडतो.

वेगळं काय करता आलं असतं

सहीआधी गॅस-दिवसाप्रमाणे मागच्या वर्षाचा रोजचा खप मांडला असता तर निम्मं प्रकरण घडलंच नसतं. तो तक्ता दुसऱ्या बैठकीसाठी एका दुपारी तयार झाला. एलपीजीच्या बुलेटवरचं लेव्हल रजिस्टर कारखान्यात आधीपासून होतं.

कोटेशन हातात आल्यावर पुरवठादाराकडून नमुना बिल मागायला हवं होतं: तुमच्याच खपावर, सुट्टीसकट, करासकट, एक काल्पनिक पंधरवडा. बिलाच्या नमुन्यात जीसीव्ही, एससीएम, एमएमबीटीयू, विनिमय दराची तारीख, तुटीची ओळ, सगळं एका पानावर दिसतं. अठ्ठावीस पानी करारात ते शोधावं लागतं.

मीटरच्या पत्राची घाई टाळता आली असती. आधी बिलातली 'मोजलेले' आणि 'आकारलेले' एमएमबीटीयू ही दोन आकड्यांची जोडी शेजारीशेजारी ठेवली असती, तर पैसे मीटरमधून गेले नाहीत हे पाच मिनिटांत कळलं असतं.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुदत पाच वर्षांची करताना कारखान्याने मागणी केली होती की वाहिनीचा गॅस हिंगण्यात आला तर सहा महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता यावं. पुरवठादाराने ती धुडकावली, आणि सुट्टीच्या सवलतीसाठी कारखान्याने ती सोडून दिली. वाहिनीचा गॅस टँकरच्या वाहतुकीशिवाय आणि आवारातल्या टाकीच्या भाड्याशिवाय येईल, म्हणजे त्या स्थिर ३ डॉलरमधला बराचसा भाग गळेल. तो शेजारच्या भूखंडावर पाच वर्षांच्या आत पोचला, तर या वाटाघाटीची खरी किंमत तेव्हा कळेल. तोपर्यंत कुंपणाच्या आत टँकर आणि बाहेर रस्त्याकडेला खोदकामाच्या पट्ट्या, असं दोन्ही शेजारीशेजारी दिसत राहणार आहे.